सोबत : पुडी एक

फायलीत सगळं होतं.
पॉलिसीची झेरॉक्स, रद्द केलेला चेक,
आधारवरचा तो चेहरा, जो कुणाचाच नसतो,
आणि शेवटच्या पानाला स्टेपल केलेली
एक पुडी.

गुजराती कॅलेंडरच्या पानाची, श्रावणातल्या सातमची,
वर निळ्या शाईत, मोडीच्या वळणाची देवनागरी :
"नमुन्यादाखल. आपणच पाहावे."

स्कॅनिंगचा जिग्नेश ती हातात घेऊन माझ्या टेबलाशी :
"मॅडम, आ पडीकानुं शुं करूं?"
मी म्हटलं, जे सगळ्याचं करतोस ते.
पडद्यावर एक काळा चौकोन उमटला.
स्टेपलच्या भोकातून काचेवर जरा सुंठ सांडली,
आणि अलकापुरीत, चौथ्या मजल्यावर,
एसीच्या त्या धुऊन ठेवलेल्या हवेत
कुणा बाळंतिणीच्या खोलीचं दार उघडलं.

दावेदार : शरच्चंद्र बळवंत दिघे, वय एकाहत्तर,
दांडिया बाजार. वीज मंडळातून निवृत्त.
आजार : गृध्रसी.
रोग्याची चाल गिधाडासारखी होते, म्हणून हे नाव.
आमच्या यादीत पक्षी नाहीत.
मी सायटिका निवडलं.

उपचार : कटिबस्ती, एकवीस दिवस, राहत्या घरी.
कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं,
आळ्यात कोमट तेल, तेलाखाली माणूस पालथा.
वैद्य हर्षदराय भट्ट, मांडवीजवळ, जिना अंधारा असावा,
कारण बिलावर ना नोंदणी क्रमांक, ना शिक्का.
खाली मात्र ठळक :
वर्ज्य – वांगी, शिळं, जागरण, चिंता.

चिंता खाण्याच्या पदार्थांत मोडते
हे मला वीस वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं.

कलम पाठ आहे.
आयुष उपचार ग्राह्य, पण रुग्णालयात,
नोंदलेल्या खाटेवर, सलग चोवीस तास.
बरं होणं पुरत नाही.
कुठे पडून होतात ते दाखवावं लागतं.

फोन करायचा नसतो. केला.
"काका, ॲडमिट का नाही झालात? बसलं असतं की सगळं."
"हिला रात्री घर ओळखू येत नाही हो.
मी दिसलो की घर आहे असं वाटतं तिला.
मग मी खाट नोंदवायला कुठे जाणार?"
थोडं थांबून,
"पैशाचं जाऊ द्या. पुडी पाहिलीत का?
पोरं म्हणतात पावती नाही म्हणजे औषध नाही.
म्हणून औषधच लावलं."
पाहिली, म्हटलं.
"तुम्ही दिवसभर खुर्चीतच ना?
मांडी घालून बसत जा अधूनमधून."

कारण क्रमांक सतरा : दाखल नाही.
सतरा दाबला.
पत्र आपोआप निघतं, सही आधीच छापलेली असते माझी,
असमाधान असल्यास तीस दिवसांत कळवावे.
मूळ कागदपत्रं परत मिळत नाहीत.
पुडी कागदपत्र आहे की नाही
याबद्दल पॉलिसीची चौऱ्याऐंशी पानं गप्प आहेत.
तूर्त ती माझ्या ड्रॉवरमध्ये,
कपाच्या आणि सेफ्टी पिनांच्या शेजारी.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर
चपला काढून खुर्चीतच मांडी घातली.
गुडघा कुरकुरला. माझं वय शेहेचाळीस.
माझ्या पॉलिसीतही तेच कलम,
पान एकोणीस.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक स्कॅनवर बारीक पिवळे ठिपके.
बायपासच्या बिलावर, मोतीबिंदूच्या भिंगाच्या स्टिकरवर,
आणंदच्या एका बाळाच्या काचपेटीच्या नऊ दिवसांवर.
जिग्नेशनं काच स्पिरिटनं पुसली, मग ओल्या फडक्यानं,
मग स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं.
तक्रारवहीत लिहिलंय : डाग येतात.
पुढे कारणाचा रकाना आहे.
पेन उघडून बसलेय.